अकराशे चोवीस पाइप आणि काकूंचे हे

त्या चर्चच्या ऑर्गनला अकराशे चोवीस पाइप होते आणि त्यातला एक पाइप काकूंचा नवरा होता. उरलेल्या अकराशे तेवीस पाइपांबद्दल काकूंचं काही म्हणणं नव्हतं.

भाचीला हे कळलं तेव्हा ती शिडीवर होती. भाची म्हणजे मामांची भाची. मामा जुने ऑर्गन दुरुस्त करत आणि ती बारा वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होती. वय चौतीस, स्वतःची हत्यारांची पेटी, स्वतःची पाठदुखी, सगळं होतं. पण जिथे जाईल तिथे दोन दिवसांत सगळे तिला भाचीच म्हणू लागत. इथे फादर म्हणत. पोस्टमनसुद्धा म्हणायचा. तिने नाद सोडून दिला होता.

समोरच्या रांगेतले अकरा मोठे पाइप उतरवून, जुन्या चादरींत गुंडाळून बाकांवर ओळीने ठेवले होते. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, उंच माणसांची सहल आली आहे आणि जेवून सगळे आडवे झालेत. त्या दारातून काकू आल्या. ऐंशीला टेकलेल्या, हातात विणकामाची पिशवी, चालण्यात घाई नाही पण थांबणंही नाही.

"ह्यांना कुठे ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"ह्यांना."

भाचीने वरून सगळीकडे नजर फिरवली. "तुमचे मिस्टर आले होते का इथे?"

"इथेच असतात," काकू म्हणाल्या आणि चादरीची टोकं उचलून एकेकाला पाहू लागल्या. सहाव्या चादरीपाशी थांबल्या. "हं, हे बघा. आडवं केलंत ते बरं केलंत हो. उभं राहून राहून अवघडले असतील."

सहाव्या पाइपाला खालच्या अंगाला पितळेची छोटी पाटी होती. पाटीवर काकूंच्या नवऱ्याचं नाव होतं. काकू ते घेत नसत, तेव्हा आपणही घ्यायला नको. नावाखाली लिहिलं होतं : 'यांनी अडतीस वर्षं भाता ओढला.'

ऑर्गन म्हणजे शेवटी हवेचं काम. वादक पुढे बसून बोटं चालवतो, पाय चालवतो, लोक त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. पण पाइपांत हवा नसेल तर तो नुसता टेबलावर बोटं आपटणारा माणूस. ही हवा पूर्वी मागच्या खोलीतून यायची. तिथे पलंगाएवढा भाता, त्याला लाकडी दांडा, आणि दांड्याला एक माणूस. भिंतीवर दोरीला शिशाचं वजन टांगलेलं. भात्यात हवा किती उरली ते त्यावरून कळायचं. माणसाने वजनाकडे बघायचं आणि दांडा ओढायचा. त्या खोलीला खिडकी नव्हती. काकूंच्या नवऱ्याने तिथून शेकडो लग्नं लावली आणि एकही नवरी पाहिली नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी विजेची मोटार आली आणि ते एका बटणामुळे निवृत्त झाले. चर्चने सत्कार केला, एका पाइपाला त्यांच्या नावाची पाटी लावली. सात वर्षांनी ते वारले. तेव्हापासून काकू डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसून दर रविवारी त्यांना ऐकत.

"कसा असतो आवाज?" भाचीने विचारलं. ती आता खाली उतरली होती.

"घोगरा. होताच त्यांचा तसा. आधी फूस करतात, मग बोलतात." काकूंनी चादर नीट केली. "मी फादरना सांगून ठेवलंय. दुरुस्ती झाली की पहिल्या दिवशी आधी ह्यांचा सूर वाजवायचा. एकट्यांचा. मग तुमचं काय ते भजन-बिजन. एवढ्या वर्षांत ह्यांना कोणी एकटं ऐकलंच नाही. अकराशे जण एकदम बोलायला लागल्यावर ह्यांचं काय चालणार?"

फादर हो म्हणाले होते. नुसते हो म्हणून थांबले नव्हते, त्यांनी कार्यक्रमपत्रिका छापून घेतली होती. त्यात पहिल्या ओळीत काकूंच्या नवऱ्याचं नाव होतं आणि पुढे 'एकल' असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाचीने सहावा पाइप साफ करायला घेतला. उचलला तर भलताच हलका. टकटक केलं तर लाकूड. तळाशी हवा आत यायला जे भोक असतं ते शोधलं, तर तिथे भोक नव्हतं. गुळगुळीत, रंगवलेला, बंद तळ. तिने पाइप फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. भोक काही मागाहून उगवलं नाही.

"मामा, हा मुका आहे रे."

मामा बाकावर बसून पट्ट्यांच्या तारा सरळ करत होते. ते वर न बघता म्हणाले, "मधले पाचही मुकेच आहेत. शोभेचे. रांग भरलेली दिसावी म्हणून बसवायचे पूर्वी. लाकडाचे, वरून चंदेरी रंग."

"मग पाटी मुक्यावर का लावली?"

"बाकीचे धातूचे. स्क्रू मारला असता तर आवाजाचं वाटोळं झालं असतं. ज्याने लावली त्याने विचार करून लावली."

"विचार करून?"

"स्क्रूचा विचार करून."

भाची त्या पाइपाकडे पाहत बसली. एकोणीस वर्षं एक बाई या लाकडाला ऐकत होती. आणि तीन महिन्यांनी सगळ्या लोकांसमोर वादक पट्टीवर बोट ठेवणार होता. कुठल्या पट्टीवर? याची पट्टीच नव्हती.

"ह्याला बोलका करू या," ती म्हणाली. "तळाला भोक पाडू, मागून एक नळी आणू. दोन दिवसांचं काम."

आता मामांनी वर पाहिलं. दर कामाच्या सुरुवातीला ते एक वाक्य बोलत आणि मग काम संपेपर्यंत अधूनमधून तेच बोलत. "जे नव्हतं ते घालायचं नाही. जे होतं ते टाकायचं नाही."

"मग काकूंना सांग तसं."

"मी? तुझी मैत्रीण आहे ती."

"मला दोन दिवस झाले भेटून."

"मला एकच झाला," मामा म्हणाले आणि पुन्हा तारांकडे वळले.

दोघांपैकी कोणीही सांगितलं नाही. काकू रोज अकराला येत, सहाव्या चादरीशेजारी बसून विणत आणि मामा-भाचीचं काम पाहत. मामा त्यांना वहिनी म्हणत. काम पाहता पाहता त्या शेरे मारत. भाता उघडला तेव्हा म्हणाल्या, "हा दमेकरी होता, सांभाळून." वादक डोकवायला आला तेव्हा म्हणाल्या, "हा लहानपणीही असाच वाजवायचा. जोरात." वादक साठ वर्षांचा होता. तो ओशाळून निघून गेला.

काम मात्र झकास चाललं. ऑर्गनच्या पोटात एकशे सोळा वर्षांचा ऐवज निघाला. मामांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग इथे लागू व्हायचा : जे सापडेल ते पिशवीत घालायचं, पिशवीवर नंबर आणि सापडल्याची जागा लिहायची, पिशवी खोक्यात. पिशवी चार, केसांचा आकडा. पिशवी नऊ, चष्म्याची एक काच. पिशवी सतरा, खालची कवळी; वरची सापडली नाही, आणि एखादा माणूस अर्धी कवळी ऑर्गनमध्ये टाकून अर्धी घालून घरी कसा गेला यावर मामा आणि भाची पूर्ण एक दिवस वाद घालत होते. पिशवी एकतीस, करडा मोजा, टाचेला हिरवं रफू. आतल्या फळ्यांवर आधीच्या कारागिरांनी पेन्सिलीने लिहिलेलं होतं. एकाने तारीख टाकून लिहिलं होतं, 'सगळं केलं. वादक तरी म्हणतो बरोबर नाही.' त्याच्याखाली बावीस वर्षांनंतरच्या तारखेने दुसऱ्याने लिहिलं होतं, 'अजूनही म्हणतो.'

तीन महिन्यांनी पाइप परत उभे राहिले. कार्यक्रमाला चार दिवस होते आणि भाचीला जेवण जाईना. शेवटी तिने एक बेत केला. काकूंना मुक्या पाइपाचा आवाज ऐकू येतो म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी येतो. तो कोण हे शोधायचं आणि त्या दिवशी वादकाला त्याच पट्टीवर बोट ठेवायला सांगायचं. काकू खूश, फादर खूश, मामांचं वाक्य जसंच्या तसं.

"याला फसवणूक म्हणतात," मामा म्हणाले.

"तू सांगतोस का मग त्यांना?"

"बेत चांगला आहे," मामा म्हणाले.

काकूंना सांगण्यात आलं की सूर जुळवायची तपासणी आहे. त्या तिसऱ्या बाकावर बसल्या, सुया मांडीवर ठेवल्या, डोळे मिटले. वादक वर बसला. ऑर्गनला खुंट्या असतात. एक खुंटी ओढली की पाइपांची एक रांग बोलते, ती ढकलून दुसरी ओढली की दुसरी. साडेदहाला वादकाने पहिली खुंटी ओढली आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाला.

"हे नव्हेत," काकू म्हणाल्या. "हे नव्हेत. हे तर नव्हेतच. हा कोण? आमच्या नणंदेसारखा बोलतोय. पुढे."

बारा वाजले. वादकाने पाणी मागितलं. एक वाजला. काकूंनी एका पाइपाला 'चहाटळ' म्हटलं आणि एकाला 'कर्जबुडव्या', आणि खरं सांगायचं तर दोन्ही बरोबर वाटलं. दोनच्या सुमाराला सगळ्यात शेवटची, सगळ्यात बारीक पट्टी वाजली. वटवाघळाने हाक मारावी तसा आवाज आला आणि विरून गेला.

काकूंनी डोळे उघडले. "झाले?"

"झाले, काकू."

"सगळे?"

"सगळे."

काकूंनी समोर पाइपाच्या पाटीकडे पाहिलं. मग सुया पिशवीत ठेवायला लागल्या. एक सुई आत जाईना, तरी त्या ढकलत राहिल्या. "तुम्ही ह्यांच्या घशाचं काही केलंत का?" त्यांनी हळूच विचारलं.

तीन महिने भाचीने जीव तोडून एकेका पाइपाचा खोकला, घरघर, शिट्टी, सगळं काढलं होतं. अकराशे पाइप ठणठणीत करून ठेवले होते. त्यातले एक काकूंचे हे होते आणि तिने त्यांना बरं केलं होतं.

"काकू, सूर गुणगुणता येईल? जसा लक्षात असेल तसा."

काकू गुणगुणल्या. आवाज थरथरता, पण सूर ठाम. वादक वरून ओरडला, "डावीकडून नववी पट्टी! मागची लाकडी रांग! पण हा मी मघाशी वाजवला की. त्या नको म्हणाल्या."

"पुन्हा वाजवा."

वाजला. मऊ, गोल, स्वच्छ सूर. मामांच्या चेहऱ्यावर समाधान आलं ते त्यांना लपवता येईना.

"जागा तीच," काकू म्हणाल्या. "माणूस वेगळा."

भाची तोपर्यंत खोक्याशी गुडघ्यांवर बसली होती. तिला आता आठवलं होतं. मागच्या लाकडी रांगेतले पाइप वरून बंद असतात. तोंडात लाकडी दट्ट्या, दट्ट्याभोवती चामडं, म्हणजे हवा गळत नाही. नवव्या पाइपाच्या दट्ट्याला चामडं नव्हतं. तिनेच तिथे नवं, मऊ मेंढीचं चामडं लावलं होतं आणि आधी तिथे जे होतं ते काढलं होतं. तिने पिशवी एकतीस बाहेर ओढली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'लाकडी रांग, नववा, दट्ट्याला घातलेला.' पायाला घालतात तसाच घातलेला होता, टाच टाचेच्या जागी.

तिने मोजा बाहेर काढला. काकू उठून उभ्या राहिल्या.

"हा इथे होता?"

"तुम्ही ओळखता?"

"मी विणलाय! हिरवं रफू बघा. करडी लोकर संपली होती." काकूंनी मोजा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "तीस वर्षं झाली याला हरवून. मी शेजारणीचं नाव घेतलं. तिच्या आणि माझ्या कपड्यांची दोरी एकच होती ना. मी म्हटलं, एक मोजा कोण नेतं, जिला छळायचंय तीच नेते. तेव्हापासून तिचं-माझं बोलणं नाही."

"तीस वर्षं?"

"जिन्यात समोर आली तर मी पायऱ्या मोजते." काकू पुन्हा बसल्या. "आणि हे! हे त्यानंतर अकरा वर्षं जिवंत होते हो! मी रोज जेवताना त्या मोज्याचा विषय काढायची. हे मान खाली घालून जेवायचे आणि म्हणायचे, मिळेल."

मामा मोज्याजवळ आले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "चामडं फाटलं असणार," ते म्हणाले. "ऐन कार्यक्रमात. नवव्याचा आवाज गेला. मागच्या खोलीत जवळ काय होतं? चामडं नाही, कापड नाही. पायात जे होतं ते काढलं." त्यांच्या आवाजात एका कारागिराने दुसऱ्याला द्यावा तेवढा मान होता. "चालतंय म्हटल्यावर राहू दिलं. काढला असता तर सूर पुन्हा गेला असता."

"म्हणून बोलले नाहीत," भाची म्हणाली.

"माझ्यापेक्षा सूर जास्त झाला," काकू म्हणाल्या. पण मोजा त्यांनी गालाजवळ नेला होता.

आता लपवण्यात काही राम नव्हता. भाचीने बाकाच्या टोकाला टेकून सांगून टाकलं. "काकू, अजून एक आहे. पाटी लावलेला पाइप शोभेचा आहे. त्याला आवाजच नाही. तुम्ही ऐकत होता तो बरोबर त्याच्या मागे उभा असलेला हा नववा."

तिला वाटलं होतं, आता रडतील. काकूंनी मान डोलावली, हिशोब जुळल्यासारखी.

"तरीच," त्या म्हणाल्या. "हे पुढे उभे आहेत म्हटल्यावर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आयुष्यात कधी पुढे आले नाहीत. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा खांबामागे आहेत." मग मामांकडे वळून, "पाटी पुढेच राहू द्या. लोकांना वाचायला बरी पडते. पण ह्यांचा आवाज?"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. वादक कठड्यावरून वाकला होता. "मोजा परत घालणार? मी सव्वीस वर्षं त्या फुसफुशीबद्दल तक्रार करतोय!"

मामांनी मोज्याची वीण बोटाने चाचपली, पिशवीवरचं लिहिलेलं वाचलं. "जे नव्हतं ते घालायचं नाही," ते म्हणाले. "पण हा होता. जे होतं ते टाकायचं नाही. हा मोजा ऑर्गनचा भाग आहे."

"मोजा?" वादक म्हणाला.

"तीस वर्षं जागेवर होता. तुमच्यापेक्षा चार वर्षं सीनियर आहे."

काकूंनी मोजा पिशवीत टाकला. "मग उद्या आणते धुऊन."

"अजिबात नाही!" मामांचा आवाज तीन महिन्यांत पहिल्यांदा चढला. "वहिनी, लोकर आटली तर सैल बसणार नाही, घट्ट बसला तर हवा गळणार नाही, गळली नाही तर आवाज कुठून यायचा?"

"अहो, तीस वर्षांचा पायातला मोजा देवाच्या घरात न धुता ठेवायचा?"

"देवाने तीस वर्षं काही म्हटलेलं नाही."

शेवटी दोन तास उन्हात ठेवण्यावर तडजोड झाली. त्यानंतर भाचीने नववा पाइप उघडला, स्वतःच्या हाताने लावलेलं चामडं काढलं (ते करताना तिला कसंसंच झालं, काम फारच सुबक झालं होतं) आणि दट्ट्याला मोजा चढवला, टाच टाचेच्या जागी. वादकाने तोंड वाकडं करत पट्टी दाबली. आधी फूस झालं. मग एक खोल, घोगरा, जरा संकोचलेला सूर निघाला आणि बाकांमधून हळूहळू मागे गेला.

काकूंनी विणकाम बाहेर काढलं आणि दोन ओळी विणल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी चर्च भरलं होतं. काकू तिसऱ्या बाकावर होत्या आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाची, ताठ बसलेली एक बाई होती. दोघींच्या मध्ये एका माणसाएवढी जागा मोकळी सोडलेली. फादरनी पत्रिकेतलं नाव वाचलं. वादकाने एक बोट नवव्या पट्टीवर ठेवलं आणि ठेवूनच दिलं.

सूर चालू असताना ती बाई काकूंच्या कानाशी वाकली. भाची खांबाला टेकून उभी होती, तिला स्पष्ट ऐकू आलं.

"हेच का ते?"

"हेच."

"यांनी नेला होता मोजा?"

"हो."

"आणि तू मला तीस वर्षं..."

"ऐक की आधी," काकू म्हणाल्या. "एकटेच बोलतायत."

बाईने ऐकलं. सूर संपला तेव्हा ती मोकळ्या जागेत थोडी सरकली. "सर्दी झाल्यासारखा आहे," ती म्हणाली. काकूंनी मान हलवून कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सामान आवरताना काकू एक पुडी घेऊन आल्या. आत जोडीतला दुसरा मोजा होता. पहिला परत येईल म्हणून तीस वर्षं कपाटात ठेवलेला, त्यानंतर एकदाही न घातलेला. "कसर लागली तर असू दे," त्या म्हणाल्या. मामांनी पावती द्यावी तशा गांभीर्याने तो घेतला, पिशवीत घातला आणि वर लिहिलं, 'सुटा भाग, एक.'

फक्त आतली शेवटची फळी बसवायची राहिली होती. मामांनी कानामागची पेन्सिल काढून भाचीच्या हातात दिली. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लिहायचं ते मामाच लिहीत.

भाचीने आधीच्या कारागिरांच्या ओळींखाली तारीख टाकली. थोडा विचार केला आणि लिहिलं : 'सगळं केलं. लाकडी रांगेतल्या नवव्याचा मोजा काढू नये, धुऊ नये. काढायचाच असेल तर डावीकडे तिसऱ्या बाकावर काकूंना विचारावं. काकू नसतील तर त्यांच्या शेजारणीला.'